ऑरिनमामांची चकती आणि तीन इंच उंची

मिनेसोटा,
मार्चातला दुसरा गुरुवार

ती. ऑरिनमामा यांस लायलचा नमस्कार.

अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला का? मामींची पाठ? इकडे तुमचं घर ठीक आहे, नळ एकदाही गोठले नाहीत, आणि मी दोन महिने एकाच गावात टिकलोय, त्यामुळे आई रोज कपाळाला हात लावून ताप बघते.

तर मी ट्रक घेतलाय. गंजलेला आहे, पण चालतो. त्याला मोठी चाकं मिळाली (ओरेगॉनमधल्या सफरचंदाच्या बागवाल्याने मजुरीऐवजी दिली, त्याच्याकडे तीन पायांचं कुत्रं होतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त काम करायचं, पण ते असो). ती वळताना पत्र्याला घासायची. म्हणजे सांगाड्यापासून बॉडी तीन इंच उचलणं आलं. त्याचे तयार ठोकळे मिळतात, पण माझ्या खिशाला झेपणारे नव्हेत. माझा मित्र ड्वेन म्हणाला, "अरे येड्या, बर्फावरच्या हॉकीच्या चकत्या घाल की. इंचभर जाड, कडक रबर. तीन रचल्या की झालं." बारा ठिकाणी तीन-तीन, म्हणजे छत्तीस. आपल्या गावात चकत्या कुणाच्याही पायरीखाली सापडतात. पस्तीस जमल्या. छत्तिसावी तुमच्या कपाटात होती. (हे वाक्य बसून वाचा, असं आधी लिहायला हवं होतं.)

बॉडीखाली फळी, फळीखाली जॅक, एकेक बाजू उचलली, चकत्या सारल्या, लांब बोल्ट आवळले. पेट्रोल भरायची नळी तोकडी पडली, ती वाढवली. गिअरचा दांडा तीन इंच बुडाला; आता दुसरा गिअर टाकताना मी सीटखाली हरवलेला मोजा शोधतोय असं दिसतं. शेजारच्या हिल्माआजी कुंपणावरून म्हणाल्या, "गाडी वर गेली रे लायल, अक्कल खालीच राहिली."

दुसऱ्या दिवशी गावच्या हॉकी-रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, समितीतले लीफकाका दारात. नव्या काचेच्या कपाटात मधोमध ऑरिनची चकती ठेवायचीय म्हणाले, काढून दे. तीच, जी फायनलला तुम्ही तोंडाने अडवलीत आणि पुढचे दोन दात घालवलेत. मला वाटलं होतं, कुठलीतरी उरलेली असेल. (मखमलीवर ठेवलेली होती, हे खरं.)

मामा, छत्तीसच्या छत्तीस काळ्या आणि सारख्या. सगळं परत खोललं. तुमच्या दातांच्या खाचा बोटाने चाचपून कळेनात, तेव्हा एकेक चकती स्वतःच्या पुढच्या दातांना लावून बघत गेलो (चव सांगत नाही). एकतिसावीला दोन खाचा बरोबर बसल्या. मी तिथेच बर्फात बसकण मारली आणि, कुणाला सांगू नका, थोडा रडलो. चकती धुतली, पुसली, लीफकाकांच्या हातात दिली. तिच्या जागी हिल्माआजींनी दाराला टेकू म्हणून ठेवलेली स्वतःची चकती दिली. ट्रक ताठ उभा आहे. सगळं सुखरूप आहे. काल कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
लायल

ता. क. सुखरूप म्हणजे, चकतीला मधोमध एक भोक आहे. बोल्टला जायला वाट लागतेच. पण पडलंय अगदी सरळ.

ता. क. आणखी एक. लीफकाकांनी विचारलं, हे भोक कसलं? माझ्या तोंडून निघून गेलं, "मामांच्या दाताचं." त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. आता कपाटाखालच्या पितळी पाटीवरही तसंच कोरलंय. तेव्हा पुढच्या महिन्यात उद्घाटनाला याल, तेव्हा कृपा करून कवळी काढून या.