उसनं गोत्र

२० सप्टेंबर २००६, कॅरी

पोचलो. पुतण्या सिद्धेश विमानतळावर चारचौघांत पाया पडला. सूनबाई अस्मिताने लगेच माझ्या शुगरच्या गोळ्यांची चौकशी करून स्वागत पूर्ण केलं. त्यांची सहा वर्षांची रुही मला आजोबा म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. साप्ताहिकाला अमेरिकेची पत्रं पाठवायची आहेत. पहिलं लॉनवर लिहीन : इथे माणूस घर बांधतो आणि उरलेलं आयुष्य गवताची चाकरी करतो.

२२ सप्टेंबर

सिद्धेशने सुट्टी टाकून आम्हा सगळ्यांना इथल्या यादवी युद्धाची रणभूमी दाखवायला नेलं. तासाभराचा ड्राइव्ह. संग्रहालयात काचेमागे हाडं कापायची करवत. तिथल्या बाईंनी आम्हाला असं न्याहाळलं, की करवत आमच्यासाठीच परजून ठेवली असावी. म्हणाल्या, दक्षिणेचे जखमी सैनिक पाणी पाणी करत मेले. नावं कुणालाच ठाऊक नाहीत, सगळे एकाच खड्ड्यात पुरले.

आज नेमकी सर्वपित्री, पितरांना पाणी द्यायचा दिवस. अस्मिताच्या डब्यातले तीळ, बाटलीतलं पाणी, तोंड दक्षिणेला, त्या खड्ड्यापाशीच केलं त्यांचं तर्पण. सिद्धेश म्हणाला, काका, हे गुलामगिरीसाठी लढले, आपल्याला यांनी दारात उभं केलं नसतं. मी म्हटलं, मेलेल्यांचा व्हिसा बघत नाहीत. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रूढी आहे. मला विनोद सुचला : आमचंच वसिष्ठ देऊन टाकलं. घरचेच समजा.

पाणी जमिनीवर पडलेलं दिसलंच नाही.

२४ सप्टेंबर

रुहीच्या माशाची काचपेटी सकाळी कोरडी. मासा खड्यांवर. फ्रिजमधल्या सीलबंद बाटल्याही रिकाम्या. प्लंबरने नळ निर्दोष ठरवला.

रुही खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, “आजोबा, दे आर थर्स्टी.” कोण, विचारलं तर लॉनकडे बोट. बाहेर कुणी नाही. फक्त गवतात पावलांएवढे वाळलेले ठसे, सगळे घराकडे वळलेले.

२५ सप्टेंबर

रुही इस्पितळात. सलाइनची पिशवी लावली की रिकामी, ओठ फाटलेलेच. डॉक्टर सिद्धेशला बाजूला घेऊन बोलले. तो भिंतीला टेकून खाली बसला.

अस्मिताला गोत्राचं सांगितलं. ती ओरडली नाही. “काका, तुम्ही त्यांना आमच्या घरचं का म्हणालात?” विनोद होता, हे सांगायला जीभ रेटेना.

वाट एकच. घटस्फोट हा शब्द आता वकिलांनी नेला; मूळचा विधी वेगळा. पतिताच्या नावाने भरलेला घडा नातेवाइकांनी लाथेने उलथायचा. मग तो कुळाबाहेर. ते माझ्या हाताला धरून आत आले. मी बाहेर, तर तेही बाहेर.

२६ सप्टेंबर

सिद्धेश ऐकेना. “बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, काका. तुमच्या नावाने लाथ मारू?” मी म्हटलं, रुहीकडे बघून ये.

आला. दुपारी, इस्पितळाच्या पार्किंगमध्ये, स्टीलचा तांब्या. त्याने डोळे मिटून लाथ घातली. पाणी डांबरावर सांडलं, आणि या खेपेला तिथेच राहिलं.

मला रणभूमीजवळच्या मोटेलवर सोडून गेला. मीच म्हटलं होतं, वळून बघू नकोस.

अस्मिताचा फोन आला. रुही ग्लासभर पाणी प्यायली, अजून मागतेय. बोलताना अस्मिताने एकदाही काका म्हटलं नाही. शास्त्राला धरूनच झालं.

२७ सप्टेंबर

नळ कोरडा. टब कोरडा. जीभ टाळूला—

रात्री ते पडद्यामागे उभे होते. आता खोलीत आहेत. नजरेत द्वेष. माझ्यासारख्यापुढे हात पसरावा लागतो, म्हणून. ओंजळी तरी पुढेच.

सांगितलं, पाणी संपलं. कुणी हलेना.

रुही पाणी पीत असेल, या विचाराने डोळे भरून आले. पुसायला हवे होते. एकाने वाकून गालाला बोट लावलं— चाटलं— आता सगळेच माझ्या डोळ्यां—