झोळीची दोरी

पेडगाव,
२० जानेवारी १९९१

चि. दिनकर यास,

थोरल्या भावाचा, मुंजाजीचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. पुण्यात थंडी असेल तर कान बांधून हापिसात जात जा. कोण हसतंय ते बघत बसू नको.

तुझी हापिसची मंडळी हुरडा खाऊन गेली त्याला आठ दिवस झाले, तरी गावात अजून तोच विषय आहे. तू लिहिलं होतंस, ‘रानात गोल झोपडीत राहायचंय, पण गैरसोय नको.’ म्हणून शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी, पाचटाच्या दोन गोल कोपी बांधल्या, एक बायांना, एक पुरुषांना. आत पलंग, गाद्या, मच्छरदाण्या, अंघोळीला कढत पाणी. शेजारचा भगवानराव म्हणाला, "रानात पलंगच टाकायलास, मंग घर काय वाईट व्हतं?" त्याला निसर्ग कळत नाही.

त्या मंडळींतली तुझी नीलिमा मला आवडली. लग्नाला माझ्याकडून होकार समज. दारात कपाळ आपटलं तरी हसली. "दादा, इतकी सुबक झोपडी बांधायला कुठं शिकलात?" तिनं विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "आमच्याकडं रानात असंच बांधतात." खोटं बोललो. पंधरा वर्षं ऊसतोडीला गेलो, दरवर्षी कारखान्याच्या तळावर कोप बांधली, तिथं शिकलो. हे सांगायची मला लाज नव्हती. तुला होती, म्हणून गप्प बसलो.

त्यात एक चूक झाली. हाताच्या सवयीनं मधल्या बांबूला झोळीची दोरी बांधून बसलो. तळावर कोप उभी राहिली की पहिली तीच बांधायची. तान्हं लेकरू झोळीत घातल्यावरच बाई बाकीच्या कामाला लागायची. नीलिमानं विचारलं, ही कशाला? तू घाईनं म्हणालास, कंदिलाला. तिनं लगेच टांगला.

आता टाळत होतो ते लिहितो. आई आपल्या मनानं पालमला मावशीकडे गेली, असं मी तुला सांगितलं. मीच तिला एसटीत बसवून दिलं होतं, मावशी आजारी आहे म्हणून. आई बोलकी. दिनकर ऊसतोडीच्या तळावर, कोपीत जन्मला, हे तिनं पाहुण्यांना पहिल्या घासालाच सांगितलं असतं. तू काही सांगितलं नव्हतंस, पण तुला तेच हवं होतं ना?

मावशी ठणठणीत होती. आई परतली ती थेट आखाड्यावर गेली. कोपीभोवती फिरली, बांबू हलवून बघितला, आत शिरली. कंदील सोडून खाली ठेवला.

"अशाच झोळीत आपला दिनकर निजायचा. लय रडायचा. हितं दिवा कशापायी टांगला रं?"

मी कंदील उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. मग तीच म्हणाली, "सूनबाईला आवडलं का हितं?"

"लय आवडलं."

"मंग झालं तर." आणि तिथल्याच गादीवर दुपारभर झोपली. दिनकर, मला फार वाईट वाटलं रे.

हंगाम संपला की कोप मोडायची ही आपली रीत. आई मोडू देत नाही. त्यात काल नीलिमाचं पत्र आलं. होळीला आई-वडिलांना घेऊन लग्न पक्कं करायला येते, त्याच झोपडीत राहायचंय, आणि या वेळी तुमच्या आईंना भेटायचंच, असं लिहिलंय.

त्याआधी तूच तिला सांग. तू नाही सांगितलंस तर मीही काही बोलणार नाही. पण आईला आता पालमच्या गाडीत बसवणार नाही. ती त्याच कोपीत पाहुण्यांशेजारी बसेल आणि विचारतील ते सांगेल.

कंदिलाला बाहेर वेगळी खुंटी ठोकली आहे. दोरी तशीच ठेवली आहे.

तुला त्या झोळीत झोके देणारा,
मुंजाजी