‘विथ’ कुठं बसतो

भरे, ता. मुळशी
१४ नोव्हेंबर १९५९

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. दादांचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, पण पहाटेची बांधावरची फेरी काही चुकत नाही. मिलिटरी सुटली तरी परेड सुटत नाही. भात कापून झालंय, खळ्यावर झोडणी चालू आहे. तुझं पत्र आलं तेव्हा दादा ओसरीवरच होते. "कुणाचं?" म्हणाले. मी म्हटलं, "पुण्याचं." गुडघा चोळत म्हणाले, "बरं हाय का पुणं?" मी म्हटलं, बरं आहे. तू आम्हाला न विचारता लग्न केलंस तेव्हापासून तुझं नाव घेत नाहीत, पण पुण्याची चौकशी वाढलीय एवढं खरं.

माझं मराठी लिहिणं असंच, बोलतो तसं. खडकीच्या शाळेत फादर लोकांनी मराठीला हात लावू दिला नाही, त्याला मी काय करू?

आता तुझ्या पत्राचं. रागावू नकोस. तूच गोजराबाईला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज करायला लावलास, आणि इंग्रजी शिकवायचं काम माझ्यावर टाकलंस. बी.ए. होऊन गावात बसलोय, म्हणून मीही उडी मारून हो म्हटलं. आणि आता तू लिहितेस की मी शिकवलं काय! मुलाखतीत मॅट्रनबाईंनी तिला विचारलं, नवरा नाही, मग मुलीचं काय करणार? तिनं म्हणायला हवं होतं, 'आय विल लीव्ह हर विथ हर ग्रँडमदर', म्हणजे तिला आजीजवळ ठेवीन. ती म्हणाली, 'आय विल लीव्ह विथ हर.' म्हणजे तिला घेऊन मी निघून जाईन. हॉस्टेलात मूल चालत नाही, त्यामुळे मॅट्रनबाईंनी नावावर रेघ मारली. ही नुसती व्याकरणाची चूक होती असं मी दोन ओळीत लिहून दिलं तर त्या तिला परत बोलावतील, असं तुझं म्हणणं.

लिहितो. पण आधी आम्ही कसं शिकलो ते ऐक. तुला कंटाळा येईल, तरी ऐक.

शाळेच्या ओसरीवर दुपारी बसायचो. गोजराबाई, तिची चिमुरडी बायजा, आणि राखणीला म्हणून सासू, रंभाबाई. रंभाबाई खांबाला टेकून मिश्री लावायच्या आणि एक कान आमच्याकडे. मी 'लीव्ह हर विथ हर' घोकून घ्यायला लागलो तर म्हणाल्या, "काय रं मास्तर, मघाधरनं हर हर चाललंय. म्हादेवाला निघालाय व्हय?" गोजराबाई पदरात तोंड घालून हसली. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

ताई, इंग्रजी शाळेत मी हे सगळं पाठ केलं होतं, पण मला ते दिसलं तिला शिकवताना. 'पिक अप', म्हणजे उचलणं, आणि मुलगी. 'पिक अप द गर्ल' चालतं, 'पिक द गर्ल अप'ही चालतं. पण मुलीच्या जागी 'हर' आली की ती मध्येच हवी, 'पिक हर अप'. 'पिक अप हर' चालत नाही. का, तर मला सांगता येईना. गोजराबाई म्हणाली, "लेकरू मधी निजवायचं. कडंला पडतं." मी वहीत लिहून घेतलं! मग 'लुक आफ्टर हर' आलं, सांभाळणं. तिथं 'हर' शेवटी. तिनं लगेच पकडलं, "आता का कडंला?" मी म्हटलं, 'लुक' आणि 'आफ्टर' एकमेकांना सोडत नाहीत. रंभाबाई म्हणाल्या, "नवंनवं लगीन झालं आसंल." 'आफ्टर' म्हणजे मागे, हे कळल्यावर तर गोजराबाईला शिकवायलाच लागलं नाही. म्हणाली, "मेंढरामागं जात्यात तसं. मागनं चालायचं आन् नजर म्होरं ठिवायची."

म्हणजे बघ, 'हर' कुठं बसवायची हे तिला नक्की कळत होतं. आणि म्हणूनच तुझ्या दोन ओळी लिहायला बसलो आणि हात अडला. 'लुक आफ्टर' कळलेली बाई 'लीव्ह'मध्ये कशी चुकेल?

उद्या विचारतो तिला.

१५ नोव्हेंबर

खळ्यावर गेलो होतो. ती दगडावर पेंढी झोडत होती, रंभाबाई सुपानं वारवत होत्या, बायजा पेंढ्यावर लोळत होती. मी आडून विचारणार होतो, जमलं नाही.

"गोजराबाई, तिथं घाईत एक 'हर' विसरलात का?"

"न्हाई इसरले." हात थांबला नाही तिचा.

"मग?"

"आदल्या दिशी तुमची डिक्शनरी बघितली. लीव्ह म्हंजी ठेवणं, तुमी सांगितलं. पुस्तकात ठेवणं पार खालती. वर काय व्हतं? सोडणं. टाकणं."

मी म्हटलं, इंग्रजीत एका शब्दाला चार अर्थ असतात, शेजारी काय येतं त्यावरून ठरतं.

"आसत्याल. हितं टाकण्याला एकच हाय. नवऱ्यानं टाकलेली, आयनं टाकलेली. त्या बाईनी इचारलं, तवा 'आय विल लीव्ह' पतुर आलं त्वांडात. फुडं हर घातली आस्ती तर म्याच माझ्या त्वांडानं म्हनल्यागत झालं आस्तं, हिला टाकती. मग आदी विथ घातला."

"त्याचा अर्थ काय होतो ते माहीत होतं?"

"व्हय. तिला घिऊन जाईन. जाईन तर घिऊनच जाईन, खोटं काय हाय त्यात?"

"जागा गेली ना पण."

"म्हनून तर भात झोडतिया."

रंभाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी काय न्हाई म्हनती का? ऱ्हाईल माझ्यापाशी. पर मला आय म्हनाया लागली का हिनं रडायचं न्हाई. आदीच सांगती." त्यात वाईट काही नव्हतं, ताई. जे होणार तेच सांगत होत्या.

तेव्हा तुला हव्या त्या दोन ओळी मी देऊ शकत नाही. चूक नव्हती. चूक होती असं लिहिलं तर तिचं म्हणणं मी खोडल्यासारखं होईल, आणि तिला पुन्हा बोलावतील ते तेच वाक्य 'बरोबर' म्हणवून घेण्यासाठी.

खरं म्हणजे पत्र इथंच संपवता आलं असतं. 'चूक नव्हती' एवढं लिहून पाकीट चिकटवलं असतं तर मी खोटं बोललो असं कुणी म्हटलं नसतं, आणि ती भऱ्यातच राहिली असती. दुपारी ओसरीवर आली असती. खळ्यावरून आल्यापासून मी दोनदा पाकीट चिकटवायला घेतलं.

कशासाठी, ते मी स्वतःशीसुद्धा इंग्रजीत बोलतो. मराठीत बोललं तर दादा ऐकतील असं वाटतं. आय मिस हर. बघ, 'मिस' आणि 'हर' यांच्यामध्ये काही लागत नाही, 'विथ' नाही, 'फॉर' नाही. मराठीत तिची आठवण येते म्हटलं की आठवणच येते, माझ्याकडे दोष नाही. इंग्रजीत ते मीच करतो. आणि ती तर अजून गेलीही नाही.

यावर काही लिहू नकोस. दादांचं एक मूल पुण्यात आहे, तेवढं त्यांना पुरे आहे. आणि गोजराबाईला यातलं काही माहीत नाही, तिनं मागितलेलंही नाही. तिला ट्रेनिंगला जायचंय. जायचंच आहे तिला, झोडताना तिचा हात बघितला असतास तर तुला कळलं असतं.

म्हणून एक विचारतो. बायजाला तू ठेवून घेशील? तुझी खोली हॉस्टेलापासून हाकेवर आहे, दाजी दुपारी घरी असतात, आणि ड्यूटी संपली की तिची आई रोज तिला बघून जाईल. पुन्हा खळ्यावर जाऊन मी गोजराबाईला विचारलं, ताईकडे ठेवाल का? हातातली पेंढी तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "त्येंनी व्हय म्हनलं तर त्या बाईला परत सांगीन. सोता." मी नवीन वाक्य दिलंय तिला, 'शी विल लिव्ह निअर मी', ती माझ्याजवळ राहील. ऱ्हस्व 'लि' म्हणजे राहणं, दीर्घ 'ली' म्हणजे सोडून जाणं. ती ऱ्हस्व घोकतेय. रंभाबाई म्हणतात त्यांना दोन्ही सारखंच ऐकू येतं.

त्यांनाही मी विचारलं. "पुन्याची पोरगी व्हईल आता," एवढंच म्हणाल्या, आणि बायजाच्या केसातली कुसळं काढत बसल्या.

तुझं कार्ड आलं की मॅट्रनबाईंच्या वेळेला दोघींना एस.टी.नं घेऊन येतो. तुला जमणार नसेल तर तसं सरळ लिही, तिला मीच सांगेन, तुझ्यावर येऊ देणार नाही. आणि जमलं, ती तिथं राहिली, तर माझा विषय तिच्यासमोर कधी काढू नकोस, थट्टेतसुद्धा नको. तिला मागं बघायला काही ठेवायचं नाहीये मला.

दोघींना पोचवून एकटा परत येणारा,
तुझा सयाजी