लिंबाच्या फळ्यांची साल

४ मार्च
स्वतःच्या हातानं केलेलं, आजपर्यंत: देवघर १. शेळ्यांची गव्हाण १. चौरंग २. बैलगाडीचं जू (दुसऱ्यांदा जमलं). चेनच्या करवतीला बसवलेली लोखंडी चौकट. तिच्यावरच बांधावरचा पडलेला कडुलिंब घरी चिरला. फळ्या ४, वर्षभर सावलीत वाळवल्या. कोणाकडं शिकलो न्हाई.
आता शोभाच्या शिलाईच्या दुकानाचं दार. साडेसहा फूट बाय तीन. पाडव्याला दुकान उघडायचंय. बायकोच्या दुकानाला पत्र्याचं दार? बिलकुल न्हाई.

६ मार्च
फळ्यांना दोन्हीकडून साल, वाकडीतिकडी. सालीलगतचं पांढरं लाकूडही काढायचं, न्हाईतर भुंगा लागतो. ते सोडून चारही फळ्यांचं माप एकच: बुडखा १० इंच ४ सूत, शेंडा ७ इंच ६ सूत. (आठ सुतांचा इंच. लोक अंदाजे धरतात, मी न्हाई.) दोन्ही कडा समांतर पाहिजेत तर शेंड्याचंच माप धरणं आलं. चार फळ्या, ३१ इंच. पाहिजेत ३६. तीनदा मोजलं.
मंठ्याचे सुतारकाका आल्ते. "भाऊराव, बाजूनं प्लायची पट्टी ठोक अन् मोकळा हो." लिंबाला प्लाय! चहा पाजून वाटेला लावलं.

९ मार्च
हात अजून निळे.
निळीत भिजवलेली दोरी ताणली. शेंड्याला मी, बुडख्याला शोभा. सात इंच सहा सुतांवर धर, असं दोनदा सांगितलं. दोरी मारली, कटर चालवला. बघतो तर हिनं दोरी साडेदहावर धरलेली! तिच्याकडचं टोक मी तपासलंच न्हाई. मी!
"वाकडी गेली की गं सगळी!"
"वाकडी कशानं? एवढं चांगलं लाकूड फेकून देता का? परकराच्या कळ्या कशा बेतत्यात? एक सुलटी, एक उलटी."
"हे लाकूड हाय, परकर न्हाई."
"कापडापेक्षा महाग हाय, म्हणून तर सांगून राह्यले."
तिनं पेपरच्या दोन कळ्या कापून फळीवर मांडल्या. एकीचं रुंद टोक, शेजारी दुसरीचं अरुंद. बराबर चौकोन.
१०-४ अधिक ७-६, १८ इंच २ सूत. दुप्पट ३६ इंच ४ सूत. वरचे चार सूत रंध्याला!! उडीच मारली.
"मंग, आता शिकले का कोणाकडं?"
हसलो. काय करणार.

११ मार्च
दोन फळ्या कळीसारख्या कापून झाल्या. ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्यात आवळून कटर तिच्या कडेनं. रंध्याचे फक्त तीन हात मारले. उलटसुलट जोडून उन्हाकडं धरल्या, सांध्यातून उजेडाची रेघसुद्धा न्हाई! शोभाला चार वेळा दाखवलं. पाचव्यांदा ती उठली न्हाई. अर्धं दार झालं.

१२ मार्च
दुपारी गाडीतून एक जण उतरला. हायवेला हॉटेल बांधून राह्यलाय. जोडलेल्या फळ्यांकडं बघितलंसुद्धा न्हाई. भिंतीला टेकवलेल्या, न कापलेल्या दोघींवर हात फिरवला. "साल काढू नका, अशाच द्या. काउंटरला हेच पाहिजे."
जी काढायला आठवडा घातला, ती साल!
म्हणलो, दार अर्धं राहील. आत शोभाच्या मशीनचा आवाज थांबला.
तो बाहेर पडल्यावर म्हणाली, "पत्र्याचं दार बी उघडतंच की. एवढ्या पैशात पिकोची मशीन आली असती."
रविवारी परत येतो म्हणला. मी न्हाई म्हणून सांगितलंय. दोन फळ्यांचे तो देतोय, रोख, बावीस हजार.