साडूंच्या पेडलसारखं पेडल

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
साडूंनी जुनी जीप घेतली. माझंच मॉडेल, तीच फोर व्हील ड्राइव्ह, रंगसुद्धा माझाच. माणसाला स्वतःचं डोकं म्हणून काही असतं की नाही? मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. काल फक्त जेवण गेलं नाही.

रविवारी सासऱ्यांना टेकडीवरच्या घरी पोचवायचंय. साडूही येणार, आपली गाडी मिरवत. पण अकरा वर्षं सासरे माझ्या शेजारी बसतात. त्यांची पाठीची उशी कायम माझ्या पुढच्या सीटवर असते. ती तिथेच राहणार. लिहून ठेवतो.

४, मंगळवार.
साडूंची गाडी चालवली. (आग्रह त्यांचाच.) जळफळाट नाही, पण क्लच काय क्लच! पेडल पार वर आलं की मगच गाडी उचलते. ढिलाई औषधालाही नाही. माझं पेडल आधी दोन बोटं नुसतंच आत जातं. साडू म्हणाले, क्लच फार वर पकडतोय, प्लेट झिजली असावी. असली खोटी नम्रता मी बरोबर ओळखतो.

५, बुधवार.
जीपखाली दोन तास. क्लच केबलचा नट सापडला. (आधी सोडवलेला भलताच निघाला.) आवळून आवळून ढिलाई पूर्ण काढली. पेडल थेट साडूंसारखं! ही म्हणाली, बरी चालत होती की गाडी. हिला यंत्रातलं काही कळत नाही.

६, गुरुवार.
पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही वेग घेईना. निदान: डिझेल भिकार.

७, शुक्रवार.
करपल्याचा वास. हिने दोनदा गॅस बघितला. वास माझ्या शर्टाला निघाला. निदान: क्लच रुळतोय.
साडूंनी गाडी गॅरेजला टाकली म्हणे. घेऊन आठवडा नाही झाला! आज दोन पोळ्या जास्त गेल्या.

८, शनिवार.
साडूंना गाडी परत मिळाली. फोनवर म्हणाले, तुमचीही एकदा मिस्त्रीला दाखवू या का? म्हटलं, काही गरज नाही, मी जातीने सेट केलीय. खबरदारी म्हणून नट आणखी अर्धा फेरा आवळला.

९, रविवार. दुपारी ४.
चढाच्या दुसऱ्या वळणावर इंजिन फुल्ल, चाकं गप्प. धूर. मी सासऱ्यांना म्हटलं, इथून देखावा फार छान दिसतो. ते म्हणाले, जावईबापू, देखावा राहू द्या, आपण मागे चाललोय.
ब्रेक मात्र उत्तम आहेत.
साडूंनी दोर बांधला. सासरे त्यांच्या गाडीत गेले. हीसुद्धा. जाताना उशी उचलून नेली. मी एकटा स्टिअरिंग धरून, पुढच्या गाडीतलं सासऱ्यांचं टक्कल बघत वर पोचलो. मेहुणीने फोटो काढला.

१०, सोमवार. गॅरेज. (साडूंच्याच मिस्त्रीचं.)
मिस्त्रीने प्लेट काढून हातात दिली. काळी ठिक्कर. विचारलं, पेडलची ढिलाई कुणी काढली? साडूंचं नाव ओठांवर आलं होतं, पण ही शेजारीच उभी; हिनेच साडूंच्या पेडलची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, साहेब, ती दोन बोटं लागतातच, नाहीतर क्लच पुरता पकडत नाही, प्लेट घासून जळते. तुमच्या साडूंचं पेडल वर आलं होतं, कारण त्यांची प्लेट संपली होती. तुम्ही धडधाकट गाडी आजारी गाडीच्या मापाने बेतलीत.
 

संध्याकाळ.
साडूंचा मेसेज: नवी प्लेट झकास, पेडलला आता दोन बोटं ढिलाई, चालवून बघायला या.
३ तारखेला माझ्या पेडलला दोनच बोटं होती.
सासऱ्यांना फोन केला. विचारलं, तुमची उशी साडूंकडून आणून ठेवू का? म्हणाले, असू दे तिथेच, पुढच्या वेळी लागेल.