साबणाच्या डबीतला कान

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या रविवारचं आपलं भांडण माझ्याकडून मिटलेलं नाही आणि मिटवायची मला इच्छाही नाही.

आपण बंगालात राहायचो तेव्हा तुमच्या कचेरीतला तो मोठा कम्प्युटर तुम्ही आम्हाला एकदा दाखवला होता. थंडगार खोली, चपला बाहेर, कपाटाएवढी यंत्रं आणि तुमची ताठ मान. पुढे नवा आला, जुना लिलावात गेला. त्यातल्या सर्किटच्या पट्ट्या मला चांदनीच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यात सापडल्या. मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. त्यांवरचे ट्रान्झिस्टर धडधाकट आहेत हे मला कळत होतं. पिशवी भरून बालीगंजच्या घरी आणली, तर तुम्ही दारातच अडवलंत. "सरकारनं टाकलेला कचरा माझ्या घरात नको." मी आत नेलाच. टायफॉइडनंतर आईचे कान गेले होते, आणि कानाचं यंत्र घेऊ म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "घरातच तर असते. तिला काय ऐकायचंय?"

तुम्ही कचेरीत गेलात की मी स्वयंपाकघरात बसून पट्टीवरचे ट्रान्झिस्टर सोडवायचे. आई कणीक मळता मळता बघायची. मोडक्या टेलिफोनचा माईक, त्याचाच कानाला लावायचा भाग, टॉर्चचे सेल, सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि डबी आईच्या गळ्यात अडकवली. बटण दाबलं तशी ती दचकली. "अगं बाई, फोडणी एवढी तडतडते?" म्हणाली आणि हसतच सुटली.

मग तो रविवार. तुमचे साहेब सपत्नीक जेवायला. "ते गळ्यातलं काढ आधी," तुम्ही आईला म्हणालात. तिनं काढलं नाही. पानं मांडल्यावर तुम्ही सवयीनं ओरडलात, "आमटी आण!" आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, हळू बोला. ऐकू येतं मला आता." साहेबांच्या बायकोनं डबीकडे बघत विचारलं, हे कुठून आणलंत? "लेकीनं केलंय. ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या कम्प्युटरचं." साहेबांचा घास हातातच राहिला.

पाहुणे गेल्यावर तुम्ही म्हणालात, "अब्रू घालवलीत माझी." "तिला ऐकू आलं तर तुमची अब्रू कशी जाते?" मी विचारलं. तुम्ही हात उगारलात, आणि आई मध्ये उभी राहिली. "हिला हात लावायचा नाही." एवढंच. मी लगेच दुसरी डबी केली, शेजारच्या बंगाली आजींसाठी. नंतरही लोकांनी टाकलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, कम्प्युटर उघडत आले, कुणालाही न विचारता. माफी मागावी असं त्यात मला आजही काही दिसत नाही.

एक मात्र आहे. त्या डबीत खरखर फार होती. आईला निम्मंच ऐकू यायचं, उरलेलं ती ओठांवरून ओळखायची. "ह्यांना सांगू नकोस हं," असं तिनं मला बजावलं होतं. म्हणून हे पत्र, बाबा, तुम्ही असतात तरी मी पाठवलं नसतं.