एकेचाळिसावं घर

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात ना? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सगळ्यांचे दोष स्वच्छ दिसायला लागले असं लिहिलंस, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. माझी बरी. (वजन घटलंय, कारण खाली येतंच आहे.)

आमच्या केंद्रात सूर्यावर चालणाऱ्या नव्या वस्तू जन्माला येतात. शास्त्रज्ञ आराखडा काढतात, खालच्या गल्लीतला वेल्डर त्यातल्या चुका काढून वस्तू चालती करतो (अहवालात त्याचा उल्लेख नसतो) आणि मी फॉर्म भरतो. यंदा टेकडीवरच्या वस्तीत छपरावर पॅनल आणि भिंतीवर बॅटरीचा डबा, असा प्रयोग लावला. डब्यातलं मीटर रोजचा आकडा आपणहून आमच्या संगणकावर पाठवतं. मदत देणाऱ्या संस्थेची अट एकच, घरं किमान एकेचाळीस हवीत, नाहीतर सगळे डबे परत. वस्तीत घरं चाळीस. संध्याकाळी त्या दिव्यांखाली मुलं अभ्यास करतात, शिंपीणबाई शिवतात. ते डबे उतरवायला माझा हात धजेना. म्हणून एकेचाळिसावं घर मी टेबलाशी बसून बांधलं: पायवाटेच्या टोकाला, निळं दार, आत एक म्हातारी. शेरा लिहिला, दिवा चांगला चालतो, समाधानी आहे.

गेल्या महिन्यात संगणकावर त्या घराचा आकडा आला. मग रोजच येऊ लागला. मला वाटलं, वेल्डर थट्टा करतोय. तो म्हणाला, "साहेब, मला तुमच्या संगणकात शिरता आलं असतं तर इथं ठिणग्या खात बसलो असतो का?" ते पटलं. भर दुपारी स्टोअररूम उघडली. एकेचाळिसावा डबा कपाटात सीलबंद होता. हात लावला तर कोमट. त्याच आठवड्यात टपालानं आमचाच तक्रार-फॉर्म आला, थरथरत्या अक्षरात: दिवा चांगला आहे, पण दारावर कुणी फिरकत नाही. मी टेकडी चढलो. पायवाट संपते तिथं नुसतं गवत, आणि गवतावर घासलेलं पातेलं पालथं घातलेलं. मी तिथून परत आलो. (पळालो, असं वाचलंस तरी चालेल.)

बाकी सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत.

तुझा,
फॉर्मबहाद्दर भाचा

ता. क. खरं काम असं. पुढच्या गुरुवारी संस्थेच्या तपासनीस बाई ते घर बघायला येणार. वस्तीच्या टोकाला एक रिकामी खोली मिळतेय, दार रंगवून घेतो. तू तासभर म्हातारी होऊन बसशील का? (वय जुळतं असं मी म्हणत नाही.) तू नाही म्हणालीस तर चाळीस घरं अंधारात जातील.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि बाई परवाच आल्या. मला न विचारता एकट्या वर गेल्या, दोन तासांनी हसतमुखानं उतरल्या. प्रयोग आणखी तीन वर्षं चालणार. म्हणाल्या, म्हातारी फार गोड आहे, पण बोलायला माणूस नाही म्हणून रडली. 'घरात माणसं किती' यापुढे फॉर्मवाल्यानं 'एक' का लिहिलं, असं विचारत होती. आत्या, मला फार वाईट वाटलं गं. काल मी 'एक' खोडून 'दोन' केलं. दुसरं नाव हवं होतं, तूही एकटीच असतेस, चटकन तुझंच सुचलं. तरी हे पत्र मिळताच, तू आहेस तिथंच आहेस, एवढं उलट टपाली कळव.